सातवा महिना, हिमोग्लोबिन ८.९, रोजची लोकल आणि बाळंतपणानंतर माझं काय – अनुभवी ताईंनी सांगा

मोगरा_भांडुप

नमस्कार सगळ्यांना. पहिलंच बाळ आहे, २९ वा आठवडा चालू आहे. भांडुपला राहते, ऑफिस फोर्टला, म्हणजे रोज सीएसएमटीपर्यंत लोकल. कालच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८.९ आलंय, सुरुवातीला १०.४ होतं, म्हणजे गोळ्या चालू असून खाली आलं. डॉक्टरांनी आयर्नची गोळी दिवसातून दोनदा केली, पण ती घेतली की मळमळतं, पोट साफ होत नाही, शी एकदम काळी होते आणि त्यात कॅल्शियमच्या पण दोन गोळ्या आहेत, कोणती कधी घ्यायची ते विचारायचं होतं पण ओपीडीत एवढी गर्दी की दोन मिनिटांत नंबर संपतो आणि पुढची बाई आत येते.

सासूबाई म्हणतात आत्ताच रजा टाक, लोकलचे धक्के नकोत. मला वाटतं आत्ता टाकली तर बाळ झाल्यावर कमी उरेल. पाऊस पण सुरू झालाय, आमच्या गल्लीत नाल्याचं पाणी चढतं, ऑफिसहून येताना कधीकधी त्यातूनच यावं लागतं.

बाळंतपण इथेच करायचं ठरलंय, आई रत्नागिरीकडून येणारे. आईचं सगळं जुन्या पद्धतीचं, शेक-शेगडी, धुरी, खिडक्या बंद, बाळंतिणीने पाणी कमी प्यायचं, सव्वा महिना बाहेर पडायचं नाही. आमचं वन रूम किचन आहे, त्यात धुरी म्हणजे कल्पना करा. आईला दुखवायचं नाहीये, ती एवढ्या मायेने येतेय, पण काय ऐकायचं आणि काय नाही ते कळत नाही.

आणि खरी भीती वेगळीच आहे. माझी मोठी बहीण बाळंतपणानंतर कितीतरी दिवस नुसती रडायची, बाळाला जवळ घ्यायची नाही, घरातले म्हणायचे आळशीपणा आहे, लक्ष घालत नाही. आता ती बरी आहे पण तेव्हाचं तिचं तोंड मी विसरू शकत नाही. आत्ता सगळे माझं वजन, बीपी, शुगर बघतायत. बाळ बाहेर आलं की सगळे बाळाकडे बघणार. मग माझ्याकडे कोण बघणार, आईच्या तब्येतीत नंतर नक्की काय बघायचं असतं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे कोणी नीट सांगत नाही. कृपया सांगा.

---

तुळस_बोरिवली

अगं आयर्नच्या गोळ्या फार उष्ण पडतात, माझ्या नणंदेला पण असंच व्हायचं, तिने बंद केल्या आणि बीट-गाजराचा ज्यूस, खजूर, काळ्या मनुका, पालक असं चालू केलं. डाळिंब रोज खा. नैसर्गिक ते चांगलं. लोकल शक्यतो टाळ. काळजी घे, सगळं छान होईल.

---

सिस्टर_परळ

मोगरा, आधी हे वाच आणि गोळ्या अजिबात बंद करू नकोस. तुळसताई, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय, पण ८.९ ला बीट-खजुरावर राहणं बरोबर नाही. मी बरीच वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स आहे म्हणून स्पष्ट लिहिते. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर, तिथे घरी बसून चालत नाही. बीट, खजूर, डाळिंब जरूर खा, पण भाजीपाल्यातलं लोह शरीर फार थोडं घेतं, आणि तुझ्याकडे आता दहा-अकरा आठवडेच आहेत. एवढ्या वेळात नुसत्या खाण्यावर भरून येत नाही.

डिलिव्हरीत रक्त सगळ्यांचंच जातं. नॉर्मलमध्ये अर्धा लिटरच्या वर गेलं की आम्ही धावपळ करतो, पण जिचं हिमोग्लोबिन आधीच कमी तिला त्याच्या अलीकडेच चक्कर, धाप, बीपी खाली असं सुरू होतं. शिवाय नंतर थकवा जात नाही, जंतुसंसर्ग पटकन होतो, आणि तू ज्या मनाच्या त्रासाबद्दल लिहिलंस तोही अशक्त बाईला जास्त गाठतो. म्हणून आत्ताचे आठवडे फार महत्त्वाचे आहेत.

आता गोळ्या कशा घ्यायच्या. आयर्न आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर कॅल्शियम आयर्नला शरीरात जाऊच देत नाही, बऱ्याच जणींचं हिमोग्लोबिन गोळ्या खाऊनही चढत नाही त्यामागे हे असतं. निदान दोन तासांचं अंतर पाहिजे. तुझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बाईला सोपं म्हणजे सकाळी नाश्त्याबरोबर कॅल्शियम, ऑफिसात अकराच्या सुमाराला आयर्न, रात्री जेवणाबरोबर दुसरं कॅल्शियम आणि झोपताना दुसरी आयर्न. आयर्न लिंबूपाण्याबरोबर घे, नाहीतर वर अर्धं मोसंबं किंवा एक आवळा खा, क जीवनसत्त्वाने ते चांगलं लागतं. दुधाबरोबर नको आणि चहाबरोबर तर नकोच, गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी लांब ठेव. ऑफिसात अकराला चहा येतो ना, तो साडेबाराला घे.

शी काळी होणं हे गोळीमुळेच, घाबरू नको. मळमळ होत असेल तर एकदम रिकाम्या पोटी न घेता थोडं खाऊन घे, शोषण थोडं कमी होईल पण पोटात तरी जाईल. पोट साफ व्हायला पाणी वाढव, भिजवलेल्या मनुका, पेरू, पालेभाजी, ज्वारीची भाकरी. तरी नाही जमलं तर डॉक्टरांकडून दुसऱ्या प्रकारचं लोह मागून घे, प्रकार बदलला की बऱ्याच जणींना सोसतं.

महिन्याभरात एक ग्रॅमनेसुद्धा चढलं नाही तर त्यांना दोन गोष्टी आपणहून विचार. एक, शिरेतून आयर्न देता येईल का, ते सलाइनसारखं लावतात, दिवस भरत आलेल्या बायकांना त्याचा फायदा होतो. दुसरं, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्तातला सौम्य दोष, आहे का ते बघणारी रक्ततपासणी झालीय का. ते असेल तर नुसत्या आयर्नने आकडा हलत नाही, आणि मग नवऱ्याची पण तपासणी लागते, दोघांनाही असेल तर बाळाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. आपल्या मुंबईत बऱ्याच समाजांमध्ये ते आढळतं. शाकाहारी असशील तर बी-१२ पण बघायला सांग. आणि जंताची गोळी दिली होती का, ती पहिले तीन महिने उलटल्यावर एकदा देतात.

सरकारी गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रक्त चांगलं असलं तरी ती रोज एक अशी १८० दिवस घ्यायची असते आणि बाळ झाल्यावरसुद्धा १८० दिवस. हे दुसरं कोणी लक्षात ठेवत नाही. कॅल्शियमही बाळंतपणानंतर सहा महिने. डिस्चार्जच्या कागदावर लिहून देतात, कागद फाईलमध्ये जातो आणि फाईल कपाटात.

७५ ग्रॅम ग्लुकोजची शुगर टेस्ट झाली का? २४ ते २८ आठवड्यांत होते, राहिली असेल तर या आठवड्यात कर.

---

लोकलकरीण_मुलुंड

मी पण या लाइनीवरून आठव्या महिन्यापर्यंत गेलेय म्हणून प्रवासाचं सांगते. दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बायकांना जायला परवानगी आहे, बऱ्याच जणींना माहीत नसतं आणि त्या लेडीज डब्यात दारात लोंबकळत असतात. डॉक्टरांचा कागद सोबत ठेव, कोणी विचारलं तर दाखवायचा. त्या डब्यात पण गर्दी असते, पण बसायला देतात लोक, मला तरी कोणी नाही म्हटलं नाही. पकडायला धावायचं नाही, सुटली तर सुटली. ऑफिसला आत्ताच सांग की तासभर उशिरा येईन आणि उशिरा निघेन. उभं राहावं लागलं तर पाय हलवत राहायचं, एकाच जागी थिजून उभं राहिलं की चक्कर येते, तुझं तर रक्त पण कमी आहे. बॅगेत पाणी आणि चणे-गूळ ठेव.

आणि लघवी दाबून ठेवू नकोस!! आपल्या बायका स्टेशनवरचं टॉयलेट घाण म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग इन्फेक्शन होतं, गरोदरपणात ते किडनीपर्यंत जाऊ शकतं आणि वेळेआधी कळा पण सुरू होऊ शकतात. जळजळ झाली की लगेच लघवी तपासायची.

रजेचं, कायद्याने २६ आठवडे भरपगारी मिळतात पहिल्या दोन बाळांना, २०१७ साली १२ वरून २६ केले. त्यातले जास्तीत जास्त ८ डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. म्हणजे ३२ व्या आठवड्यापासून घेऊ शकतेस, पण घ्यायलाच पाहिजे असं नाही. मी शेवटचे चारच आधी घेतले आणि बाकी सगळे बाळाला दिले. तुझ्या रक्ताचं बघून डॉक्टरांना विचारून ठरव. पन्नासच्या वर माणसं असलेल्या ऑफिसात पाळणाघराची सोय पण द्यावी लागते, एचआरला लेखी विचार, तोंडी नको.

---

सिस्टर_परळ

लोकलकरीण, लघवीचं अगदी बरोबर लिहिलंत.

पावसाचं मी लिहिते. नाल्याच्या पाण्यातून चालायची वेळ शक्य तेवढी टाळ, मिस्टरांना स्टेशनवर घ्यायला बोलाव, रिक्षा कर. पायाला जखम असताना तर अजिबात नको, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, त्यातूनच येतो. चालावंच लागलं तर घरी येऊन साबणाने पाय धू आणि डॉक्टरांना कळव. अशा वेळी लोकांना डॉक्सीसायक्लिन देतात, ती गरोदर बाईने शेजारणीकडून मागून घ्यायची नाही, तुझ्यासाठी डॉक्टर वेगळं औषध ठरवतात. मच्छरदाणीत झोप, दुपारी पण, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, अंगदुखीला ब्रुफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घ्यायच्या नाहीत, पॅरासिटामॉल चालते.

पाणी उकळून पी. पाणीपुरी, बर्फाचा गोळा, रस्त्यावरचा कापलेला फळांचा प्लेट, उसाचा रस हे पावसात बंद. डोहाळे म्हणून घरचे आणून देतात, मला कळतं, पण दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटीस ई नावाची कावीळ असते, इतरांना ती बहुधा आपोआप बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईला झाली तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. पाणीपुरी घरी कर, उकळून गार केलेल्या पाण्याची, भरपूर खा.

मासे खात असशील तर बांगडा, तारली, मांदेली, ताजे बोंबील नीट शिजवून चांगले. मुशी नको, मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त असतो.

आत्तापासून पुढे हे झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता हॉस्पिटल: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं सणकून दुखणं, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणं, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणं, तोंडावर आणि हातांवर अचानक सूज, आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं. हालचालीच्या बाबतीत तुझं बाळ रोज कधी जास्त नाचतं ते तुलाच माहीत असणार, त्यात फरक पडला की जायचं. उगीच गेलो असं झालं तरी कोणी ओरडणार नाही, आणि ओरडलं तरी जायचं. बीपी १४०/९० च्या वर गेलं की ते जास्त. गाडी नाही मिळाली तर १०८.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे. तुझ्या ओपीडीत बोलायला वेळ मिळत नसेल तर प्रश्न कागदावर लिहून त्या दिवशी जा.

---

आक्का_गिरगाव

मोगरा बाळ, मी वयाने तुझ्या आईएवढी, दोन सुनांची आणि एका लेकीची बाळंतपणं केलीत. आईच्या पद्धतीत सोनं पण आहे आणि टाकून द्यायचं पण आहे, दोन्ही सांगते.

टाकायचं म्हणजे पहिलं कोळशाची शेगडी. आमच्या वेळी ओटीवर, मोठ्या घरात, कौलातून धूर जायचा. तुमच्या बंद खोलीत कोळसा पेटवला की विषारी वायू साठतो, त्याला वास पण नसतो, आई आणि बाळ दोघं गुदमरू शकतात. धुरी पण नको, बाळाची छाती केवढीशी. शेक पाहिजे ना, गरम पाण्याची पिशवी कंबरेला घ्यायची, कडकडीत नाही एवढ्या पाण्याने आंघोळ करायची. खिडकी उघडी ठेव, मुंबईच्या उकाड्यात बंद खोलीत बाळाला घामोळं येतं. वारा थेट अंगावर येणार नाही एवढं बघितलं की झालं.

पाणी कमी, हे तर बिलकुल ऐकू नको. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते. पाणी कमी पडलं की पोट साफ होत नाही, टाके असताना कुंथायला लागलं की जीव जातो. कोमट पी हवं तर, आईचा मान राहील.

बाळाला मध, घुटी, गुळाचं पाणी काही नको. मध तर वर्षाच्या आत चालतच नाही. पहिलं पिवळसर चिकाचं दूध पिळून टाकायला सांगतात काही म्हाताऱ्या, ते पहिल्या तासातच पाजायचं आणि सहा महिने फक्त अंगावरचं, वरचं पाणीसुद्धा नाही. दूध कमी येतंय असं पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांनाच वाटतं, बाळाला वरचेवर घेतलं की येतं.

आता सोनं. अळिवाची खीर आणि लाडू, अळिवात लोह भरपूर. पण हे आत्ता नको हो, बाळ झाल्यावर. डिंकाचे लाडू, मेथी, खारीक, शेपूची भाजी, लसणाची चटणी, बाजरीची भाकरी तुपाशी, नाचणीची पेज, कुळथाचं पिठलं, मऊ भात-मेतकूट. बाळंतशोपा-ओवा जेवणानंतर. फक्त आई एका वेळी तीन-तीन लाडू भरवेल, तूप ओतेल, तसं नको, दिवसाला एक लाडू आणि बाकी डाळ, अंडं, मासे, दही, फळं. आंबट खाल्लं की टाके पिकतात हे खोटं आहे, संत्री-मोसंबी खा. शुगर निघाली असेल तर लाडवाचं आधी डॉक्टरांना विचार.

मालिश छान, पाय आणि कंबर. सिझर झालं तर पोटाला हात लावू द्यायचा नाही टाके भरेपर्यंत. आणि सव्वा महिन्याची विश्रांती, ती मात्र पूर्ण घे. तेवढ्या दिवसांत तुला चूल, पाहुणे, धुणं यातलं काही नको म्हणून तर ते ठरवलंय जुन्या लोकांनी. बारशाला शंभर माणसं बोलावून तिला साडी नेसवून पाच तास बसवतात, ते बघितलं की माझा जीव तुटतो.

आईला समजवायचं असेल तर एकदा तपासणीला सोबत घेऊन जा आणि तिच्यासमोरच नर्सबाईला विचार. लेकीने सांगितलं की उलट उत्तर होतं, नर्सने सांगितलं की पटतं.

---

बाबा_अंधेरी

मी पुरुष आहे, इथे लिहू का नको असं वाटत होतं, पण तुमच्या बहिणीचं वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे हेच झालं.

डिलिव्हरीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बायको कशावरूनही रडायची. हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं की पहिले काही दिवस असं होतं, हार्मोन एकदम खाली येतात, झोप नसते, दोन आठवड्यांत निवळतं. बहुतेकींचं निवळतंही. हिचं वाढत गेलं. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. जेवण नको. सारखं म्हणायची मी चांगली आई नाही, तुम्ही दोघं माझ्याशिवाय बरे राहाल. घरातले म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणालं मोबाइल बघते म्हणून. ज्या नर्सिंग होममध्ये डिलिव्हरी झाली तिथे दाखवलं तर तिथल्या डॉक्टरांनी टाके बघितले, बाळाचं वजन केलं आणि 'आई झालीस ना, आता खूश राहा' म्हणून पाठवलं. तिला कसं वाटतंय हे कोणीच विचारलं नाही.

मग एका मैत्रिणीने सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, मागच्या सात दिवसांत तुम्हाला हसू आलं का, विनाकारण भीती वाटली का, स्वतःला इजा करावी असं मनात आलं का, असे. शेवटच्या प्रश्नाला तिने जे उत्तर दिलं ते मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. अंगावर पाजताना चालणारी औषधं असतात, ती दिली, समुपदेशन झालं, थायरॉइड पण तपासलं कारण बाळंतपणानंतर ते बिघडून असाच थकवा-उदासी येऊ शकते. हळूहळू ती परत आली. आता ती स्वतः इतर बायकांना सांगते.

मोगराताई, तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या. दोन आठवड्यांच्या वर उदासी राहिली तर तो आजार आहे, आळस नाही, स्वभाव तर नाहीच. बहिणीला झालं म्हणजे घरात आहे, हे डॉक्टरांना आत्ताच सांगून फाईलवर लिहून घ्या. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात, रात्री पण. आणि बाईला आवाज ऐकू यायला लागले, भलतेच संशय यायला लागले, दिवसरात्र झोपच नाही, किंवा स्वतःला-बाळाला काही करायचं बोलली तर हेल्पलाइनवर थांबायचं नाही, तिला एकटं न सोडता त्याच तासाला हॉस्पिटल.

नवऱ्याने काय करायचं तर रात्रीची एक सलग झोप तिला मिळवून द्यायची. चार-पाच तास. दूध काढून ठेवता येतं, ढेकर, लंगोट, झोपवणं हे सगळं बापाला येतं. पाहुण्यांना नाही म्हणायचं काम पण नवऱ्याचं, तिचं नाही.

---

फिजिओ_माहीम

बाबा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

माझं थोडक्यात. बाळंतपणानंतर शिंकताना-खोकताना लघवीचे थेंब जातात, बायका त्याला नशीब समजून वर्षानुवर्षं पॅड लावतात. तो स्नायूंचा कमकुवतपणा आहे आणि व्यायामाने सुधारतो. लघवी आणि वारा दोन्ही रोखताना जे स्नायू वर ओढतो ते पाच-सहा सेकंद वर ओढून धरायचे, सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. आत्तापासून शिक, लोकलमध्ये बसून पण होतं. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र नको.

डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलं नसेल तर रोज अर्धा तास चालणं चालू ठेव, पण तुझं हिमोग्लोबिन बघता धाप लागली की थांबायचं. झोपताना कुशीवर. बाळ झाल्यावर, सिझर असलं तरी, हॉस्पिटलमध्ये उठवतात तेव्हा उठ, पाय हलव, कारण पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताने रेटून. पोट बांधलं तर आधार वाटतो, सुती कापडाने सैलसर चालेल, पण त्याने पोट आत जात नाही आणि फार आवळलं तर खाली ताण येतो. पोटाचे व्यायाम सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, आणि पोटाच्या मधल्या स्नायूंत फट राहिलीय का ते बघून.

---

मोगरा_भांडुप

सगळ्यांचे किती आभार मानू. बाबा_अंधेरी, तुमचं वाचताना रडू आलं, हे ह्यांना वाचायला दिलं आणि बहिणीला पण पाठवलं. तिचा फोन आला, खूप वेळ बोललो, पहिल्यांदाच ती त्या दिवसांबद्दल मोकळं बोलली. म्हणाली मला कोणी एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

गोळ्यांचं सिस्टरांनी सांगितलं तसं लावलंय, मोबाइलवर गजर ठेवलाय. मी आत्तापर्यंत दोन्ही रात्री दुधाबरोबर घेत होते, मला तसंच सांगितलं होतं मेडिकलवाल्याने. शुगर टेस्ट झालीय, नॉर्मल आली. रजा ३६ व्या आठवड्यापासून लिहून दिली, आधी त्रास झाला तर अलीकडे घेईन. आई पुढच्या आठवड्यात येतेय, ९ तारखेला तिला सोबत नेणार.

सिस्टर, एकच राहिलं. डिस्चार्ज नंतर घरी आल्यावर माझ्यात काय बघायचं आणि कोणत्या दिवशी परत दाखवायचं?

---

सिस्टर_परळ

हो, ते राहिलं. नॉर्मल झाली तर निदान ४८ तास राहा, घाई करून घरी जाऊ नकोस. पहिला दिवस हॉस्पिटलमध्येच जातो, मग तिसरा दिवस, सातवा दिवस आणि सहा आठवड्यांनी, या वेळी बाळाबरोबर तुझी पण तपासणी व्हायला पाहिजे. लोक बाळाला लसीला आणतात आणि आई बाहेर बाकड्यावर बसते. तू आत जा आणि म्हण माझं बीपी घ्या, माझं हिमोग्लोबिन बघा.

घरी हे बघायचं. अंगावरून जाणं पहिले काही दिवस पाळीसारखं आणि मग कमी होत सहा आठवड्यांपर्यंत चालतं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय किंवा मोठ्या गाठी जातायत तर लगेच हॉस्पिटल, पॅड मोजत घरी बसायचं नाही. घाण वास, १००.४ च्या वर ताप, खालचं पोट दुखणं म्हणजे आत संसर्ग. टाक्यांतून पू, लाली. छातीत एका बाजूला लाल, गरम, कडक गाठ आणि ताप आला तर दाखवायचं, पण पाजणं थांबवायचं नाही, थांबवलं की वाढतं. एकाच पोटरीत दुखून सूज, किंवा अचानक धाप, छातीत दुखणं, हे गुठळीचं असू शकतं.

आणि डोकेदुखी. बीपी वाढून येणारा झटका, म्हणजे फिट, डिलिव्हरीनंतरही येतो, आधी बीपी नॉर्मल असलेल्या बाईलासुद्धा, सहा आठवड्यांपर्यंत कधीही. घरचे म्हणतात जागरणाने दुखतंय, बाम लावतात. सणकून दुखतंय, दिसायला धूसर होतंय, तर बीपी मोजल्याशिवाय झोपायचं नाही. घरात बीपीचं मशीन आणून ठेवलंत तर उत्तम, आईला पण उपयोगी पडेल.

सहा आठवड्यांच्या तपासणीला पाळणा लांबवण्याबद्दल दोघांनी मिळून विचारा. अंगावर पाजतेय म्हणजे दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नका. तुझं रक्त बघता पुढच्या गरोदरपणाआधी निदान दोन वर्षं जाऊ देत. तांबी डिलिव्हरीनंतर लगेच, हॉस्पिटलमध्येच बसवता येते, हवी असेल तर कळा सुरू व्हायच्या आधीच फाईलवर लिहून ठेव.

बाळ दवाखान्यात राहिलं आणि तुझं दूध यायला वेळ लागला तरी घाबरू नको, सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, आशियातली पहिली, आता इतरही काही मोठ्या हॉस्पिटलांत आहेत.

आणि सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात नाव घातलं असेल तर डिलिव्हरी, सिझर, औषधं, रक्त, जेवण सगळं मोफत असतं, बाहेरून काही आणायला सांगितलं तर आधी विचारा. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून रक्तगट आणि रक्त द्यायला तयार असलेल्या दोन माणसांचे फोन नंबर फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, रात्री दोन वाजता शोधायला लागू नयेत. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला की इथे आकडा टाक.